पाच हजारांच्या आत

मराठीत 'किरकोळ' हा शब्द फार सोयीचा आहे. दुकानाच्या पाटीवर तो 'घाऊक'च्या मांडीला मांडी लावून बसतो. अंगापिंडानं बारीक माणूस किरकोळ असतो. वर्तमानपत्रातला किरकोळ जखमी म्हणजे ज्याचं नाव छापून येत नाही तो. दुसऱ्याचं आजारपण किरकोळ असतं, दुसऱ्याचं ऑपरेशन किरकोळ असतं आणि दुसऱ्याच्या घरची चोरी तर हटकून किरकोळ असते. कुणाकडे चोरी झाल्याचं कळलं की आपण धावत जातो, "काय काय गेलं?" म्हणून विचारतो, आणि उत्तर ऐकून आपलाच चेहरा पडतो. नुसता तांब्याचा हंडाच ना? एवढ्यासाठी आपण निम्मा चहा टाकून आलो!

आम्ही वाणिज्य शाखेचे. कॉलेजात पहिल्या वर्षी आम्हाला 'किरकोळ रोकड पुस्तक' नावाचा प्रकार शिकवला होता. चहापाणी, टपालाची तिकिटं, सुतळी, झाडू असले खर्च त्यात लिहायचे. आता वाटेल की ज्या पुस्तकाचं नावच किरकोळ, ते कोण उघडून बघतो? पण हिशेबाच्या धंद्यात गंमत उलटी आहे. लाखाच्या कागदावर साहेब लोक न वाचता सही करतात आणि सुतळीच्या पावतीवर तपासनीस चष्मा पुसून बसतो. आजही संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले की आमच्या कॅशियरचा चेहरा बघवत नाही. दहा रुपये तो खिशातून भरू शकतो, शेवटी भरतोही. पण गेले कुठे, हे कळल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आमच्याकडे किरकोळ म्हणजे लहान वहीत लिहायची गोष्ट. न लिहायची गोष्ट नव्हे.

हा संस्कार घेऊन मी मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गुरुजींबरोबर पोलिसांकडे गेलो.

गुरुजींचा टिल्लू पंप गेला होता. बुलडाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नळ हा घरातला पाहुणा आहे. तो आठवड्यानं, दहा दिवसांनी येतो, येताना कळवत नाही, आणि आला की सगळी कामं टाकून त्याची सरबराई करावी लागते. खालच्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला टिल्लू पंप लागतो. किंमत म्हणाल तर दोन-अडीच हजार. पण ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी पंपावाचून घर चालवून बघा. सत्तरीच्या गुरुजींनी आणि गुडघे दुखणाऱ्या वहिनींनी त्या दिवशी बादल्यांनी पाणी चढवलं. शेवटच्या बादलीला वहिनी जिन्यातच बसल्या.

ठाणे अंमलदार सज्जन होता. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पंप नळाले डायरेक्ट तं नव्हता ना लावला गुरुजी?" हा प्रश्न मुरलेल्या माणसाचा. आमच्या गावात निम्म्या फिर्यादी या एका प्रश्नात निकाली निघत असतील, कारण पंप नळाला थेट लावणं हाच मुळात गुन्हा. पण गुरुजींचा पंप हौदावर होता. अंमलदार जरा हिरमुसला. मग म्हणाला, "असं करू, गहाळ म्हणून अर्ज द्या. शिक्का मारून पोहोच देतो लगेच."

गुरुजींनी चाळीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं आहे. ते बाकावरून उठले. "गहाळ होणे हे अकर्मक क्रियापद आहे," ते म्हणाले, "चोरणे सकर्मक. चोरणे म्हटलं की कोणी चोरलं, हा प्रश्न पडतो. गहाळ झालं म्हटलं की प्रश्नच मिटला. तुम्ही वाक्यातून कर्ताच काढून टाकलात तर शोधणार कोणाला?"

अंमलदारानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

पण खरं सांगायचं तर पोलिसांच्या सगळ्या प्रश्नावर यापेक्षा नेमकं बोललेलं मी ऐकलेलं नाही. मोबाइल गहाळ होतो, पाकीट गहाळ होतं, बसस्थानकावर गर्दीत मंगळसूत्रातली वाटीसुद्धा गहाळ होते. जणू या वस्तूंनाच संसाराचा कंटाळा येऊन त्या सैलानीला निघून गेल्या! आणि यात आमच्या बँकेचाही हात आहे, हे कबूल करायला हवं. ठेवीची पावती सापडत नाही म्हणून कोणी आला की आम्हीच त्याला "पोलिसांचा दाखला आणा" म्हणून पिटाळतो. मग बिचारा अंमलदार दिवसभर पावत्या, सिमकार्डं नि मार्कशीटं गहाळ करत बसतो. संध्याकाळी खरी चोरी घेऊन कोणी आलं तरी त्याच्या हाताला तेच वळण पडलेलं.

तर, गुरुजी ऐकत नाहीत म्हटल्यावर अंमलदारानं हुकमाचं पान काढलं. "पाच हजारांच्या आत आहे गुरुजी. नवा कायदा आला ना आता."

घरी येऊन मी तो नवा कायदा पाहिला. अंमलदार पदरचं बोलत नव्हता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वी चोरी म्हटलं की पोलिसांच्या तोंडी ३७९ असायचं, आता ३०३ आलं. त्यात एक दयाळू तरतूद आहे. माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगात न धाडता समाजसेवा करायला लावायची. वाईट काय आहे यात? भुकेपोटी किंवा नादानीत हात मारलेल्या पोराला तुरुंगात टाकून पक्का चोर बनवण्यापेक्षा बसस्थानक झाडायला लावलेलं केव्हाही बरं. बसस्थानकालाही बरं. पण याच्या जोडीला जो प्रक्रियेचा कायदा आला, त्याच्या शेवटच्या तक्त्यात या पाच हजारांच्या आतल्या चोरीपुढे 'अदखलपात्र' असा शब्द पडला आहे. पूर्वी चोरी पाच रुपयांची असो की पाच लाखांची, ती दखलपात्र होती. अदखलपात्र म्हटलं की पोलिसांनी वहीत नोंद करायची आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटचा रस्ता दाखवायचा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून तपास करायचा नाही.

इथे माझ्यासारख्या जमाखर्चवाल्याचं डोकं गरगरायला लागतं. चोर पहिल्यांदाच चोरी करतो आहे की त्याचा हा शंभरावा पंप आहे, हे कळायला तो सापडायला हवा. सापडायला तपास हवा. तपासाला चोरी दखलपात्र हवी. आणि ती दखलपात्र नाही, कारण चोर कदाचित पहिलटकर असेल! म्हणजे दया चोराला सापडल्यावर मिळायची होती, ती त्याला न सापडताच घरपोच मिळाली. समाजसेवा तेवढी गुरुजींच्या वाट्याला आली.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सांगितलं होतं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे, मर्जीचा प्रश्न नाही. ते प्रकरण होतं एका अल्पवयीन मुलीच्या बेपत्ता होण्याचं. बाप फिर्याद घेऊन हिंडत होता आणि दाद लागत नव्हती. पंपाशी त्याची तुलना करणं अशोभनीय आहे, मला कळतं. पण तक्रार घ्यायला कंटाळलेली टेबलं सगळीकडे सारखीच असतात. साडेदहा वर्षं ही पाटी पोलीस ठाण्याच्या दारावर नीट लटकली, आणि मग किरकोळ चोऱ्यांपुरता 'दखलपात्र' हा शब्दच मागच्या दारानं निघून गेला. गहाळ झाला म्हणा ना.

कायद्यानं क्षुल्लक गोष्टींकडे काणाडोळा करावा, हा विचार काही आजचा नाही. मेकॉलेसाहेबानं १८३७ साली दंडविधानाचा मसुदा केला तेव्हा त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी हा प्रश्न घेतला होता. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तर शब्दशः ती चोरी होते, घोडा दौडवून कुणाच्या अंगावर धूळ उडवली तर शब्दशः तो हल्ला होतो. असल्या गोष्टींपायी कोणी कोर्टात येऊ नये म्हणून एक कलम घातलं. ते दंडविधानात ९५ वं होतं, आता न्याय संहितेत ३३ वं आहे. समंजस माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी बारीक इजा, हा गुन्हा नाही. मला हे कलम मनापासून आवडतं. फक्त मेकॉलेसाहेब आमच्या बँकेत कधी आला नव्हता. आला असता तर काउंटरवरचं पेन सुतळीनं बांधलेलं त्याला दिसलं असतं. शाई कोणी चोरत नाही हो, अख्खं पेन नेतात. आता सुतळीही नेतात.

त्या कलमातला 'समंजस माणूस' मात्र मोठा पेचाचा. हिशेबतपासणीच्या शास्त्रात याच्याशी मिळतीजुळती एक कल्पना आहे. लहानसहान चुका तपासनीस सोडून देतो, पण लहान कशाला म्हणायचं हे तो ज्याचे हिशेब तपासतो त्याच्या उलाढालीवरून ठरवतो. कारखान्याच्या ताळेबंदात दोन हजार म्हणजे धूळ. पानटपरीच्या ताळेबंदात तो आठवड्याचा गल्ला. बी.कॉम.च्या मुलालाही कळणारी ही गोष्ट कायद्यात नाही. तिथे सगळ्यांना एकच ५,००० चा गज. गुरुजींचं निवृत्तिवेतन बरं आहे, ते दुसऱ्या दिवशी नवा पंप आणू शकले. त्यांच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या बाईची सायकल गेली असती तर ती पाच हजारांच्या बरीच आत असती, आणि बाईच्या चार घरांपैकी लांबची दोन घरं सुटली असती.

इंग्लंडातही त्यांनी असाच एक गज वापरून पाहिला. २०१४ साली २०० पौंडांच्या आतली दुकानातली चोरी हलक्या वर्गात टाकली. हेतू कामकाज सोपं करण्याचा. पुढची दहा वर्षं दुकानदार ओरडत राहिले की दोनशेच्या आत असलं की पोलीस फिरकत नाहीत. शेवटी २०२५ मध्ये ही तरतूद काढून टाकायचं विधेयक आलं. आपण त्यांचा कायदा उचलताना सहसा शंभरेक वर्षं उशीर करतो. या वेळी फक्त दहाच वर्षं उशीर झाला, ही प्रगतीच म्हणायची.

पोलिसांची बाजू नाही असं नाही. आमच्या जिल्ह्यात १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी सारा महाराष्ट्र लोटतो, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, शेगावला प्रगटदिन, मग गणपती, देवी, मंत्र्यांचे दौरे आणि मधूनमधून निवडणुका. या सगळ्याच्या बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई तोच, जो गुरुजींचा पंप शोधणार. बारा तास उन्हात दोर धरून उभ्या राहिलेल्या माणसाला टिल्लू पंपाबद्दल कळवळा येत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. भेंडवळच्या घटमांडणीतसुद्धा पाऊस, पीक, राजा या सगळ्यांचं भाकीत होतं, पंप सापडेल का हे कोणी विचारत नाही.

पण मनुष्यबळाचं कारण अर्धंच आहे. दुसरं अर्धं आकड्यांचं. नोंद केली की गुन्हा आकड्यात येतो, आकडा वर जातो, आणि वर गेलेल्या आकड्याबद्दल वरून फोन येतो. ज्या ठाण्यात प्रत्येक चोरी इमानानं लिहिली जाते ते ठाणं कागदावर चोरांचं माहेरघर दिसतं, आणि जिथे काहीच लिहीत नाहीत तिथे रामराज्य. १९५३ पासून दिल्लीहून गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघतो. त्या अहवालवाल्यांनी स्वतःच बजावून ठेवलं आहे की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. पण सूचना बारीक टायपात असते आणि तक्ता मोठ्या. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणं गावातच मिटवा, पोलिसांत जाऊ नका, लोकसंख्येप्रमाणे लाखांची बक्षिसं मिळवा. कल्पना चांगली, बांधावरचे कितीतरी तंटे खरोखर मिटले. पण बक्षिसाची तारीख जवळ आली की फिर्याद घेऊन निघालेल्या माणसाला गाव कसं समजावत असेल, हे मी कल्पनेनं पाहू शकतो. "थांब ना बा थोडा, बक्षीस येऊ दे, मंग जाय."

याच्या उलट जुनी तऱ्हा बघा. एल्फिन्स्टननं १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं वर्णन आहे. चोरी झाली की जागल्यानं पावलांचा माग काढत जायचं. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याला पटवून दिला की तो सुटला. पुढे तो दुसरा जागल्या निघाला. असं करत ज्या गावात माग संपेल, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. हद्दीचा वाद तेव्हाही असणारच, पण वादाची दिशा बघण्यासारखी आहे. आज "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं की काम संपतं. तेव्हा आपल्या हद्दीत नाही हे सिद्ध करण्यासाठी शिवेपर्यंत चालावं लागत होतं. नव्या कायद्यात कुठल्याही हद्दीतली फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यायची सोय झाली आहे, हे नमूद करतो. चालायचं मात्र अजून कोणाच्या कलमात नाही.

आणि मनावर घेतलं की होतं, हेही खरं. हरवलेल्या मोबाइलचा नंबर टाकायची सरकारी सोय २०२३ मध्ये देशभर झाली. फोन कुणी चालू केला की यंत्राला कळतं. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस अधीक्षक लोकांना त्यांचे फोन समारंभानं परत देताना दिसतात. कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, शेतकरी आपापला फोन छातीशी धरून फोटोत उभे असतात. ते फोटो मी नेहमी निरखून बघतो. फोनच्या आनंदापेक्षा वेगळंच काहीतरी त्या चेहऱ्यांवर असतं. आपलं कोणीतरी लिहून घेतलं होतं आणि विसरलं नव्हतं, याचा अचंबा. आमच्या काउंटरवर हा चेहरा मला ओळखीचा आहे. एक आजी खात्यातून १७ रुपये ७० पैसे कापले म्हणून तीनदा आल्या. "कायचे कापले बाबू?" एसएमएसचे पंधरा आणि त्यावरचा कर, असं मी तिसऱ्यांदा पासबुकावर पेन्सिलीनं लिहून दिलं. पैसे परत मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. पण आजी पासबुक कपाळाला लावून गेल्या. मागे रांगेतला एक तरुण म्हणाला, सतरा रुपयांसाठी केवढा वेळ! तो शेअर बाजारवाला होता.

गुरुजींनी गहाळ लिहून दिलं नाही. दोन तासांनी अंमलदारानं अदखलपात्राच्या वहीत 'अज्ञात इसमाने चोरून नेला' अशी नोंद केली आणि प्रत दिली. गुरुजींनी तीत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका काढल्या आणि समाधानानं घडी करून खिशात ठेवली. अशा नोंदींचा गोषवारा दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे जायचा असतो, असंही नव्या कायद्यात आहे. हे मी त्यांना सांगायला नको होतं असं आमच्या हिचं मत आहे, कारण आता ते दर पंधरा दिवसांनी गोषवारा गेला का, हे विचारायला जातात. मला ते मत पटलेलं नाही.

मला स्वतःला या सगळ्यात आठवतो तो आमचा एक खातेदार. तीन एकराचा धनी. गेल्या रब्बीत हरभऱ्याचे घाटे भरायच्या दिवसांत त्याच्या विहिरीवरली मोटारीची केबल कोणीतरी कापून नेली. आतली तार जाळून भंगारात विकली तर चोराला हजार-बाराशे सुटले असतील. नवी केबल साडेचार हजारांची. म्हणजे कसंही मोजा, पाच हजारांच्या आत. पण पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत दहा दिवस गेले, पाण्याची पाळी हुकली आणि निम्मा हरभरा पोचट निघाला. तो कुठल्या कलमात बसतो, हे मी शोधलं, नाही सापडलं. तक्रार दिली का विचारलं तर म्हणाला, "कायले साहेब? एक दिवस जाते, रोज बुडते." शेतीची वीज आली की रात्री पाणी द्यायचं, आणि पहाटे केबल सोडून, वेटोळं करून, खांद्यावर टाकून घरी आणायची, असा त्याचा आता नेम झाला आहे.

परवा तो पीककर्जाच्या चौकशीला शेतावरून परस्पर बँकेत आला, तेव्हा ते वेटोळं खांद्यावरच होतं. आमच्या वॉचमननं त्याला दारात अडवलं. सामान बाहेर ठेवा म्हणाला, नियम आहे.

"बाहीर ठेवली तं गहाळ होईन ना भाऊ," तो म्हणाला.

मी ती केबल काउंटरच्या आत घेतली आणि माझ्या खुर्चीखाली ठेवली. चांगली जड होती.